दुसऱ्या भागाचा शेवट काय?

मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला, म्हणून आम्ही दोघं रावेरजवळ बायकोच्या माहेरी गेलो होतो. मेहुण्याने पत्रिका घेतली, कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवून आला. चहा झाला. बायको उठून आत भावजयीकडे गेली, तसा तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"दाजी, भाचीच्या लग्नाले मी येईन. तिची पिवळी साडीपण घेऊन ठेवली हाये. पण तिचा हात धरून तिले बोहल्यावर आणायचं म्हणता, तर आधी मले एक सांगा. माझ्या पिक्चरच्या दुसऱ्या भागाचा शेवट काय हाये?"

माझ्या घशात बिस्कीट अडकलं. खोटं सांगत नाही, खरंच अडकलं. पाणी प्यायलो, डोळे पुसले आणि म्हणालो, "असं एका वाक्यात कसं सांगणार? मी सविस्तर बोलेन. पुढच्या रविवारी येतो ना हळदीचं ठरवायला."

"या," तो म्हणाला. "सविस्तरच सांगा."

आता माझी पंचाईत काय होती ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मी त्या सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. आणि त्या सिनेमावर जळगावच्या एका दैनिकात अर्धं पान समीक्षा मीच लिहिली होती.

पोटापाण्यासाठी मी जन्मभर एका कचेरीत कारकून होतो, पण ओळख विचाराल तर समीक्षक. रविवारच्या पुरवणीत माझं सदर यायचं. मानधनाच्या नावाने शून्य, पण रुबाब असा की आमच्या पिंप्राळ्यात दूधवालासुद्धा विचारायचा, काका, नवीन पिक्चर बघू की पैसे पाण्यात जातील? मी भुवई उडवली की तो घरी बसायचा. असा माझा दरारा होता, आणि दरारा असला की माणसाचं डोकं फिरतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मेहुणा माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. माझं लग्न झालं तेव्हा तो पाचवीत होता. सासुरवाडीला गेलो की त्याला घेऊन मी जळगावला सिनेमाला यायचो. रावेरच्या स्टँडवर एसटी लागली की दाराशी ही झुंबड. मी त्याला खांद्यावर घ्यायचो आणि तो खिडकीतून हात घालून सीटवर माझा रुमाल टाकायचा. मी त्याला शिकवलं होतं, "रुमाल पडला की जागा आपली. मग कलेक्टर आला तरी उठवत नाही." तो ते मंत्रासारखं म्हणायचा. परतीच्या बसमध्ये मला अख्खा सिनेमा पुन्हा सांगायचा, आणि मी मान डोलवत झोपायचो.

तो मोठा झाला, केळी करायला लागला, आणि एक दिवस त्याच्या अंगात सिनेमा आला. धुळ्याचा एक लग्नाचं शूटिंग करणारा गडी त्याने पकडला आणि पहिला भाग काढला. परग्रहावरचे लोक केळी चोरायला रावेरात उतरतात आणि माझे सासरे, म्हणजे आबा, त्यांना धरून कापणीला लावतात, एवढीच गोष्ट. केळीच्या घडावर घालतात ना त्या निळ्या पिशव्या, त्यांना डोळ्यांपुरती भोकं पाडली की झाला परग्रहवासी. यान म्हणजे चंदेरी कागद लावलेली फवारणीची टाकी. ते उडताना विहिरीवरच्या मोटारीचा आवाज. आबांनी आबांचंच काम केलं होतं आणि जन्मभर दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्या सव्वा तासात दिल्या. लोक हसून लोळले. रावेरपासून धुळ्यापर्यंत मोबाइलवरून मोबाइलवर तो सिनेमा फिरला. मी पुरवणीत त्याची स्तुती केली आणि शेवटी कंसात लिहिलं की दिग्दर्शक प्रस्तुत लेखकाचे नातेवाईक आहेत. मिरवायची हौस, दुसरं काय!

मग दुसरा भाग आला. सात वर्षं झाली त्याला.

जळगावातलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं, भिंतीवर पडदा, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. बायको रावेरला होती, सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून. मुलगी शिकायला पुण्याला. मी एकटाच, पहिल्या रांगेत, मधली खुर्ची. लोक आबांच्या शिव्या ऐकायला आले होते आणि आबा सिनेमात एकदाच बोलले. बाकी काय, तर केळीच्या बागेच्या बांधावर एक तरुण उभा राहून वर बघतोय. यान परत येणार म्हणून वाट बघतोय. बघतोय, बघतोय, बघतोच आहे! पाच मिनिटांनी मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, तोवर पाणी तरी सोड बागेला!" सगळं कार्यालय खदखदलं.

त्यात एक घोटाळा. तरुण वर बघतो तेव्हा मागे घडांनी लगडलेली बाग. मान खाली घालतो तेव्हा बाग कापलेली, नुसते बुंधे. पुन्हा वर बघतो तर त्याला मिशी फुटलेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली असती, पण पहिल्या रांगेत शोभत नाही.

मध्यंतर झालं आणि माझा फोन वाजला. कचेरीतल्या मंडळींनी असोद्याकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी ठेवली होती. "वांगी भाजून झाली, तेलात मिरची पडली, तुम्ही कुठे आहात?" डिसेंबर महिना, हिरवी लांबोडकी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आता तुम्हीच सांगा. एका बाजूला तो बांधावरचा खांब आणि दुसऱ्या बाजूला भरीत. मी खिशातला निळ्या काठाचा रुमाल काढला, खुर्चीवर पसरला, म्हणजे लोकांना वाटावं दाजी चहाला गेलेत, आत्ता येतील. आणि मागच्या दाराने स्कूटर काढली.

समीक्षा मात्र मी दुसऱ्या दिवशी बसल्या बैठकीत लिहिली. पूर्वार्धाचं सालटं काढलं. बाग कापल्याची चूक, मिशीची चूक, सगळं चघळून चघळून लिहिलं. आणि उत्तरार्धाबद्दल काय लिहायचं? पाहिलाच नव्हता. म्हणून लिहिलं, "उत्तरार्धाबद्दल न लिहिलेलंच बरं." सबंध लेखात तेवढंच एक वाक्य प्रामाणिक होतं, आणि नेमकं तेच लोकांना सगळ्यात जहरी वाटलं. ते वाक्य गावभर झालं. रावेरच्या केळीच्या ट्रकवाल्यांपर्यंत पोचलं. कोणाच्या घरची सून नवऱ्याला स्वयंपाक कसा झाला म्हणून विचारायची, तर तो म्हणायचा, उत्तरार्धाबद्दल न बोललेलंच बरं.

मेहुण्याने भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही, सिनेमा कुठे टाकला नाही, कोणाला दाखवला नाही. दिवाळीला यायचा, बहिणीशी स्वयंपाकघरात गप्पा मारायचा, मला "बरं आहे ना दाजी" म्हणून जायचा. सात वर्षं. आणि आता हा प्रश्न.

घरी येताना बसमध्ये मी बायकोला सगळं सांगितलं, फक्त मी अर्ध्यातून उठलो ते सोडून. ती म्हणाली, "एवढं काय अवघड आहे? सांगून टाका शेवट. आणि ऐका, माझ्या भावाने पोरीला आणलं नाही, तर मी त्या मांडवात येणार नाही. मागच्या खोलीत बसेन तांदूळ निवडत." ही बाई बोलते तसं करते. बोहल्याशी एकटा उभा असलेला मी आणि मागच्या खोलीत तांदूळ निवडणारी नवरीची आई, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग मी शेवट शोधायला निघालो. त्या दिवशी सिनेमाला असलेली माणसं हेरून गाठायला लागलो. पहिले भेटले सराफ बाजारातले एक मारवाडी शेठ, जुने वाचक माझे. मी सहज विषय काढला, "शेठ, त्या सिनेमाचा शेवट आठवतो का हो?" शेठ हसले. "साहेब, तुम्हीच लिहिलं होतं ना, उत्तरार्धाबद्दल न लिहिलेलंच बरं. अगदी बरोबर लिहिलं होतं!" पण शेवट? "शेवट कोण बघतो? तुमचं वाचलं की पाहिल्यासारखंच." दुसरे एक शिक्षक. तेही माझंच वाक्य मला ऐकवायला लागले, वर म्हणाले हे माझं पहिल्यापासूनचं मत. धरणगावचे एक साडू भेटले, ते म्हणाले यान शेवटी विहिरीत पडतं. मी आनंदाने उडालो, तर म्हणाले, नाही, तो बहुतेक पहिला भाग. पहिल्या भागातही यान विहिरीत पडत नाही! हा माझा वाचकवर्ग. कप्पाळ माझं.

राहिला धुळ्याचा कॅमेरावाला, दोन्ही भाग त्यानेच काढलेले. लग्नाच्या व्हिडिओची बोलणी करून येतो, असं बायकोला सांगून मी सकाळची धुळ्याची एसटी पकडली.

त्याच्या स्टुडिओत मला आधी तासभर नवरानवरी सोनगीरच्या किल्ल्यावर पळताना दाखवली. ड्रोन दाखवला. मी सगळ्याला हो म्हणालो, अगदी धुराच्या नळकांड्यालाही. मग हळूच विचारलं, आमच्या मेहुण्याचा तो दुसरा भाग आहे का हो तुमच्याकडे?

"बठ्ठा माल शे मनाजोडे, नाना," तो म्हणाला आणि कपाटातून एक डबा काढला. "आजलोंग कोनी मांगा नही."

माल सगळा होता त्याच्याकडे, पण आजवर कोणीच मागितला नव्हता. त्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, कानाला हेडफोन लावले. मी म्हणालो, "नुसता शेवट लावा." तो काही ऐकेना. त्याचं काम होतं ते, सुरुवातीपासून दाखवणार. म्हणून सात वर्षांनी मी पुन्हा त्या बांधावर येऊन उभा राहिलो.

आता खरं सांगतो, पूर्वार्ध अजूनही लांबला आहे. वीस मिनिटं सहज कापता येतील. तो तरुण वर बघतो ते मलाही सोसवेना. बाग कापल्याचं दृश्य आलं, तेव्हा मी हसलो. कॅमेरावाल्याने मला थांबवून सांगितलं, ते कसं झालं ते. शूटिंग अर्ध्यावर असताना व्यापाऱ्याचा ट्रक आला. मेहुणा आबांच्या पाया पडला, आठ दिवस बाग ठेवा. आबा म्हणाले, "तुझं यान आज येईल, उद्या येईल. ट्रक एकदाच येते." दोन दिवसांत बाग साफ. पुढची बाग उभी राहीपर्यंत वर्ष गेलं आणि हिरोला मिशी आली. बारा महिने हे सगळे त्या एका दृश्यासाठी थांबले होते.

पण मध्यंतरानंतर यान उतरतं आणि परग्रहवासी त्या तरुणाला म्हणतो, "एवढासा उशीर झाला, घटकाभराचा, तर तू असा कसा झालास?" आणि तरुण म्हणतो, "तुमची घटका झाली. आमची एक बाग कापून झाली." मी हेडफोन काढला. पुन्हा लावला. ते वाक्य पुन्हा ऐकलं. अहो, ज्या चुकीवर मी अर्धं पान थुंकलो होतो, तिच्यावरच या पोराने उत्तरार्ध उभा केला होता! कापलेल्या बुंध्यांवर बसून त्याने तो नव्याने लिहिला, असं कॅमेरावाला म्हणाला. मला त्या क्षणी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. समीक्षक म्हणे!

मग शेवट आला. परग्रहवासी म्हणतात, चल आमच्याबरोबर. टाकीच्या यानात एसटीचं जुनं दोन जणांचं सीट बसवलेलं. कुठल्या भंगारातून आणलं होतं देव जाणे. तरुण चढतो, खिडकीशी बसतो. मग खिशातून रुमाल काढतो आणि शेजारच्या जागेवर पसरतो. निळी पिशवी घातलेला एक जण तिथे बसायला येतो, तर हा म्हणतो, "इथं बसू नका. दाजी येऊ राह्यले."

मोटारीचा आवाज सुरू होतो. तो खिडकीतून मागे बघतो. बांध रिकामा. परग्रहवासी विचारतो, "निघायचं?" तो म्हणतो, "रुमाल टाकला हाये. जागा त्यांचीच." यान उडतं, आणि पडद्यावर तो रुमाल तसाच दिसत राहतो, बराच वेळ.

मी पहिल्या रांगेत बसून हे पाहावं म्हणून त्याने ते केलं होतं. आणि त्या वेळी माझ्या खुर्चीवर काय होतं? रुमाल. मी असोद्याच्या मळ्यात तिसरी पुरी घेत होतो.

मला रडू आवरेना. लाज वाटली म्हणून रडलो आणि तो खांद्यावरचा पाचवीतला पोरगा आठवला म्हणूनही रडलो. कॅमेरावाल्याने मला पाणी दिलं आणि कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला. "रडू नका नाना. कीबोर्ड नवा शे."

परतीच्या बसमध्ये मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. शेवट आता आपल्याला ठाऊक आहे. रविवारी जायचं, ठणठणीत सांगायचं, काम फत्ते. अर्ध्यातून उठलो हे कोणाला कळणार? पारोळा येईपर्यंत मी भाषणही जुळवलं होतं.

रविवारी बायको आत गेल्यावर मी घसा खाकरला आणि सुरू झालो. यान, सीट, रुमाल, सगळं सविस्तर. मेहुणा ऐकत होता. त्याचा चेहरा उजळायला लागला आणि तिथेच मी थांबलो. त्याला वाटत होतं, दाजींनी तेव्हा पाहिलं होतं. दाजी तेव्हा होते.

"मी नव्हतो रे," मी म्हणालो. "परवा धुळ्याला जाऊन पाहिला. तेव्हा मध्यंतरात उठून गेलो. भरीत खायला."

त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली. मग म्हणाला, "मले माहीत हाये. तुमच्या मागच्याच खुर्चीवर मी बसलेलो होतो. मले वाटलं, रुमाल हाये, म्हणजे येतील."



"भरीत कसं होतं?" त्याने विचारलं.

खोटं बोलायची माझी हिंमत संपली होती. "फार झकास होतं," मी म्हणालो.

"मग ते तरी लिहायचं होतं पेपरात!" तो ओरडला. आणि ओरडता ओरडता त्याला हसू आलं, मलाही आलं, आणि आतून बायको पळत आली की हे दोघं भांडतायत की काय.

हळदीच्या दिवशी दुपारी, त्याच जळगावच्या मंगल कार्यालयात, कॅमेरावाल्याने पडदा लावला. नवरानवरीची पळापळ दाखवून झाली आणि मग मीच उभा राहून जाहीर केलं की आता आमच्या मेहुण्याचा दुसरा भाग बघायचा. पाव्हण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, या सिनेमावर पूर्वी एका गाढवाने लिहिलं होतं, ते विसरा. नवरी हळदीच्या अंगाने पहिल्या रांगेत बसली, तिच्या शेजारी तिची आई, तिच्या शेजारी मी. माझ्या पलीकडची खुर्ची रिकामी.

पूर्वार्ध लांबला, म्हणजे लांबलाच. मध्यंतर झालं आणि मागच्या दारातून वास आला. मिरचीचा ठेचा तेलात पडल्याचा, भाजलेल्या वांग्याचा वास. रावेरकडच्या मंडळींनी मागच्या अंगणात भरीत घातलं होतं, आणि कोणी ठरवून याच वेळेला घातलं होतं ते मला कळायला वेळ लागला नाही. खुर्च्या कुरकुरल्या. सगळं कार्यालय उठलं. शेठ गेले, शिक्षक गेले, धरणगावचे साडू तर धावतच गेले. बायको म्हणाली, "चला की." पोटात कावळे कोकलत होते. मी म्हणालो, "तुम्ही जा."

त्या दोघीही गेल्या. दिवे पुन्हा मालवले गेले, उत्तरार्ध सुरू झाला आणि सबंध कार्यालयात मी एकटा. परग्रहवासी उतरला. घटकाभराचा उशीर झाला म्हणाला. शेजारची खुर्ची कुरकुरली. मेहुणा येऊन बसला होता, हातात ताट, ताटात भरीत आणि पाच पुऱ्या.

"बसूनच खा, दाजी."

मी पडद्यावरची नजर न काढता खाल्लं. अगदी झकास होतं. शेवटचा घास झाला, हात तेलाने बरबटलेले, मी इकडेतिकडे पाहायला लागलो. त्याने खिशात हात घातला आणि इस्त्री केलेला, चार घड्यांचा रुमाल माझ्या मांडीवर ठेवला. अंधारातही मला त्याचा निळा काठ दिसला.

"पुसा हात," तो म्हणाला. "अन् समोर बघा, सीट येऊ राह्यलं."